मास्तर, मांडी घाला!

एकतीस वर्षं मी मोटारीत डावीकडे बसून काढली. स्टीअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात आणि जीव माझा. तासगावात ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाची जागाच ती. यंदाच्या गुढीपाडव्याला गाडीची चावी पुतण्याच्या हातात दिली आणि घरी बसलो. पण सवय जात नाही. अजूनही कुणाच्या गाडीत बसलो की माझा उजवा पाय आपोआप पुढे सरकतो आणि नसलेला ब्रेक दाबत राहतो. परवा एसटीतून सांगलीला निघालो होतो, तर कवठे एकंद येईपर्यंत माझं दाबणं चालूच. शेजारच्या बाई शेवटी न राहवून म्हणाल्या, "पायाला मुंग्या आल्यात व्हय, आजोबा?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिकाऊ गाडीत चालकासमोर असतात तसे क्लच आणि ब्रेक डावीकडे मास्तरच्या पायाशीही बसवलेले असतात. शिकणारा गडबडला की मास्तर आपला ब्रेक दाबतो आणि गाडी थांबते. यंत्र एवढंच. पण ते दाबायचे दोन प्रकार आहेत. एक करकचून. त्यानं शिकणाऱ्याचं नाक काचेकडे जातं आणि आपलं काहीतरी चुकलं हे त्याला कळतं. दुसरा हळुवार. गाडी अलगद मंदावते आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपणच थांबवली. या दुसऱ्या प्रकारात मी तरबेज होतो. "त्या मास्तरकडं गेलं की आठ दिसांत गाडी येती," असं माझं चार गावांत नाव होतं. ती कशी येते हे फक्त माझ्या पायाला माहीत. या पायाचा मला फार अभिमान होता. त्यानंच मला पुढे तोंडघशी पाडलं, ती हकिगत सांगायला आज बसलो आहे.

पण आधी गिऱ्हाइकं कशी असतात ते थोडं सांगू दे.

एवढ्या वर्षांत "मी गाडी वाईट चालवतो" असं म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. ट्रकवाला म्हणतो, मोटारसायकलवाल्यांनी वात आणलाय. मोटारसायकलवाला ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देतो. ट्रॅक्टरवाला मोठ्यानं गाणी लावून बसलेला असतो, त्याला कुणाचंच ऐकू येत नाही. सगळ्या अपघातांत चूक असते ती समोरच्याची. हा समोरचा माझ्या शाळेत काही कधी नाव घालायला आला नाही.

सीटबेल्ट म्हणजे सांगलीच्या चौकात पोलीस दिसला की छातीवर ओढायची वस्तू. म्हसवडकडचे एक भाविक गृहस्थ माझ्याकडे शिकायला होते. देऊळ दिसलं की ते स्टीअरिंग सोडून दोन्ही हात जोडायचे आणि वर डोळेही मिटायचे. आमच्या रस्त्यांना देवळं काय थोडी आहेत? पहिल्या दिवशी सात देवळांना मी ब्रेक दाबला. शेवटी म्हटलं, "आवं, देव तुमच्याकडं बघतोयच की. तुमी रस्त्याकडं बघा." त्यांना ते पटलं. मग डोळे उघडे ठेवून नुसती मान लववायची, अशी आमची तडजोड झाली.

विहिरींची कामं घेणारे सर्जेराव एकदा दुपारी मटणाचं जेवण आणि त्याबरोबरचं सगळं उरकून थेट वर्गाला आले. म्हणाले, "मास्तर, थोडी घेतली की माजा हात सैल पडतो. आज बगाच." रस्त्यावर नेणं शक्यच नव्हतं. मी स्वतः गाडी चालवत त्यांना गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेलं, बेदाण्याची रिकामी खोकी ओळीनं मांडली आणि मगच त्यांना स्टीअरिंग दिलं. माझा पाय ब्रेकवर तयार होता. खोक्यांमधून नागमोडी गाडी काढायची होती. सर्जेरावांनी ती सरळ काढली आणि विजयी मुद्रेनं विचारलं, "एक तरी पडलं का?" पडलं नव्हतं हे खरं, कारण सहाच्या सहा गाडीखाली चपटी झाली होती. दुसऱ्या दिवशी सर्जेराव शुद्धीवर असताना मी ती खोकी त्यांच्या पुढ्यात ठेवली. बराच वेळ ते खोक्यांकडे बघत राहिले. त्यानंतर जेवणावळीला निघाले की सर्जेराव गाडीची किल्ली आपल्या हातानं बायकोकडे देऊन जातात, असं त्यांची बायकोच मला बाजारात सांगत होती.

हा किस्सा मी तासगावभर सांगत असे. सर्वांत मोठ्यानं हसायचे ते भूपालआण्णा.

आण्णा म्हणजे आमच्याजवळच्याच गावातले जैन बागायतदार. द्राक्षाची बाग, बेदाण्याची शेड, बोलण्यात गोडवा आणि शब्दाला पक्के. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. "असल्यास्नी शिकवा मास्तर," ते सर्जेरावांच्या गोष्टीवर म्हणायचे. "आमाला काय धास्ती? आमी पीत न्हाई." आपण पीत नाही म्हणजे आपल्या हातून रस्त्यावर काही वाईट होऊच शकत नाही, अशी त्यांची बालंबाल खात्री होती.

आणि हे आण्णा गाडी चालवायचे ती अशी की बांधावरची माणसं नुसता आवाज ऐकून "आण्णा गेलं" म्हणायची.

याचं कारण ऐकलंत तर हसाल. आण्णांना रात्री न जेवण्याचं व्रत. सूर्य बुडायच्या आत ताट झालं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत उपास. दिव्याच्या उजेडात चिलटं, किडे अन्नात पडतात, जीव जातात, म्हणून हा नेम. आण्णांनी तो बावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. पण रोजचा दिवस जायचा सांगलीच्या मार्केट यार्डात. बेदाण्याचे सौदे, व्यापारी, चहा, गप्पा यांतून ते उठायचे केव्हा, तर ऊन पिवळं पडल्यावर. मग सूर्य पुढे आणि आण्णा मागे अशी शर्यत लागायची. माधवनगर, बुधगाव, कवठे एकंद ही गावं त्यांना फक्त खिडकीतून ओझरती दिसायची. घरी आले की गाडी सुरूच ठेवून आधी पश्चिमेकडे बघायचे आणि ओरडायचे, "वाढ गं, हाय अजून!"

त्यांना गाडी शिकवली होती मीच, बावीस वर्षांपूर्वी. तेव्हा आण्णांनी नवी गाडी बुक केली होती आणि ती दारात येण्याआधी त्यांना शिकून व्हायचं होतं. ब्रेक या गोष्टीवर त्यांचा मुळातच विश्वास कमी. समोर बैलगाडी आली की ते हॉर्न वाजवायचे आणि ब्रेक मी दाबायचो. अगदी हळुवार. मोठा माणूस, त्यांच्या ओळखीनं आणखी पाच जण शिकायला येतील, त्यांना कशाला ओशाळवायचं, असा माझा हिशेब. पंधरा दिवसांत आण्णा म्हणाले, "मास्तर, गाडी माजं मन वळखती बगा. थांबायचं आसलं की थांबतीच." मी हसलो आणि गप्प बसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

गेल्या वर्षी नोव्हेंबरअखेरची गोष्ट. सकाळी मी शाळेचं शटर उघडतो आहे तोच आण्णांच्या पत्नी सुमतीवैनी रिक्षातून उतरल्या. वय चौपन्न, नऊवारी जाऊन सहावारी आलेली, पण डोक्यावरचा पदर तसाच. एकट्या कधी न येणाऱ्या बाई एकट्या आलेल्या पाहून मी चपापलो.

"मास्तर, मला गाडी शिकवा," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या.

"बसा तर आधी वैनी. झालं काय?"

मग त्यांनी सांगितलं. आदल्या संध्याकाळी त्या आण्णांबरोबर सांगलीहून येत होत्या. थंडीचे दिवस, सूर्य सहालाच बुडणार, म्हणून आण्णांनी गाडी सुसाट सोडलेली. कुमठे फाट्याच्या पुढे अचानक समोर चाललेला उसाचा ट्रॅक्टर दिसला. मागे दोन ट्रॉल्या आणि एकीलाही लाल दिवा नाही. आण्णांनी हॉर्न वाजवला. ट्रॉली काही हॉर्ननं बाजूला होत नसते. शेवटच्या क्षणी त्यांनी गाडी कडेच्या पाण्याच्या चारीत घातली. डावीकडचा आरसा रानातल्या उभ्या उसानं ओरबाडून नेला. वैनी त्याच बाजूला बसल्या होत्या.

"आन् वर मला म्हनत्यात, वाचलो का न्हाई? हात बसलाय म्हनून वाचलो. आन् गाडी चारीतनं काढून परत तशीच पळवली, दिवस बुडायच्या आत जेवायला!" वैनी अजून उभ्याच होत्या. "मास्तर, चिलाट मरू नये म्हनून आमी उजेडात जेवतो. आन् त्यापायी रस्त्यावरची माणसं मारायची व्हय?"

बावीस वर्षं मी या शर्यतीवर हसत आलो होतो, पण हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांची खरी काळजी पुढेच होती. लेक स्नेहल बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आठच दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती. तीन महिन्यांनी, मार्चमध्ये लेकीला आणि नातीला सासरी कोरेगावला पोचवायचं होतं. विटा, पुसेसावळी, रहिमतपूर असा चांगला शंभरेक किलोमीटरचा रस्ता. "त्या गाडीत ह्यांच्या हातात मी माजी नात देनार न्हाई," वैनी म्हणाल्या. "काल जेवन झाल्यावर तसं सांगितलं त्यांना. हसले. म्हनले, मग तू चालीव. तू पास झालीस तर मी मुकाट्यानं डावीकडं बसतो. शेडवरच्या सगळ्या बायकांसमोर बोललेत."

आण्णा शब्दाला पक्के हे मी वर सांगितलंच आहे. ती म्हातारपणाकडे झुकलेली बाई गाडी काय शिकणार, या भरवशावर त्यांनी शब्द दिला होता. आता सगळं माझ्यावर आणि वैनींवर होतं. मी शाळा बंद करायच्या विचारात होतो, पण म्हटलं, ही शेवटची शिष्या.

शिकाऊ परवाना निघाला आणि मैदानात वर्ग सुरू झाला. पहिले चार दिवस क्लचनं वैनींना छळलं. गाडी सशानं उडी मारावी तशी चालायची आणि बंद पडायची. पाचव्या दिवसापासून बरी चालू लागली. कोपरा आला, गाडी मंद. कुत्रं आडवं आलं, गाडी थांबली. "छान वैनी, छान," मी म्हणत होतो.

सहाव्या दिवशी एक शेळी आडवी आली. गाडी अलगद थांबली. वैनींनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत धरली आणि माझ्या पायाकडे बघितलं.

"मास्तर, आता ब्रेक मी दाबला का तुमी?"

"दोघांनी," मी म्हणालो.

"माजा पाय तर हिकडं व्हता." त्यांनी पाय दाखवला. तो अॅक्सिलरेटरवर होता.

मी शेळीकडे बघू लागलो. एकतीस वर्षांत कुणीही, अगदी सैन्यातून आलेल्या सुभेदारानंसुद्धा, मला असं पकडलं नव्हतं. वैनी हळूच म्हणाल्या, "ह्यांच्या टायमाला बी असंच केलं व्हतं व्हय?"

खोटं बोलायची सोय नव्हती. मी मान हलवली. मला वाटलं त्या चिडतील, उतरून निघून जातील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "तरीच. त्यांना वाटतं, गाडी आपली आपून थांबती." आणि मग पदर खोचून एकदम हुकूम सोडला, "पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"मास्तर, मांडी घाला! तुमचा पाय खाली आसला की मला गाडी येनार न्हाई."

मी समजावलं की हे नियमात बसत नाही, दुसरा ब्रेक त्यासाठीच असतो. वैनींनी किल्ली मुठीतून सोडली नाही. शेवटी मैदानापुरतं कबूल केलं आणि साठीतला मी, पट्टा लावून, पुढच्या सीटवर मांडी घालून बसलो. पहिल्याच फेरीत गाडी मैदानाकडेच्या चिंचेकडे निघाली. पाय मांडीतून सुटायला बघत होता, मी दोन्ही हातांनी तो धरून ठेवला. खोडापासून हातभर अंतरावर गाडी गचका खाऊन थांबली. माझं डोकं डॅशबोर्डपर्यंत जाऊन आलं.

"हा मी दाबला," वैनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी डोकं चोळायचं विसरलो. असला गचका माझ्या गाडीत कितीतरी वर्षांत बसला नव्हता, आणि तो खरा त्यांचा होता.

त्या दिवसापासून मैदानावर माझी मांडी आणि रस्त्यावर पाय ब्रेकच्या शेजारी, पण त्यावर नाही, असा करार झाला. द्राक्षाचे ट्रॅक्टर, एसटी, रस्त्यात उभं राहून बोलणारी माणसं या सगळ्यांतून वैनी गाडी काढायला शिकल्या. मैदानावरची मांडी मात्र तासगावभर झाली. चहाच्या टपरीवर लोक विचारू लागले, "मास्तर, आज ध्यानाला बसायचं न्हाई?" सर्जेरावांनी तर मला बसायला देवघरातला पाट देऊ केला.

परीक्षेत वैनी पहिल्यांदा नापास झाल्या. गाडी मागे घेताना खांबाला धक्का लागला. आण्णांनी त्या संध्याकाळी शेडवर पेढे वाटले म्हणे. वैनी रागानं लाल होऊन माझ्याकडे आल्या आणि पुढचा आठवडाभर बेदाण्याच्या दोन शेडमधल्या बोळातून सकाळ-संध्याकाळ गाडी मागे नेत राहिल्या. दुसऱ्या वेळी खांब जागच्या जागी उभे राहिले. परवान्याचं कार्ड पोस्टानं आलं तेव्हा ते हातात घेऊन वैनी रडल्या आणि रडताना हसत होत्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मार्चचा पहिला रविवार. आण्णा शब्दाप्रमाणे डावीकडच्या सीटवर बसले, पण तोंड असं केलं होतं की जणू दवाखान्यात निघालेत. त्यांनी एकच अट घातली होती: मास्तर बरोबर पाहिजेत. म्हणून मी मागे, मध्ये छोट्या खुर्चीत पट्ट्यानं बांधलेली नात आणि पलीकडे स्नेहल. ही आण्णांची गाडी. हिला डावीकडे ब्रेक नव्हता आणि मागे तर काहीच नव्हतं.

वैनींनी गाडी पंचावन्नच्या वर जाऊ दिली नाही. विट्याच्या अलीकडेच आण्णांना घाम फुटला. समोर काही आलं की त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दणकन आपटायचा. एसटी आली, दणकन. म्हैस आली, दणकन. आजपर्यंत त्यांना कधीच न दिसलेल्या म्हशी आज त्यांना दोन फर्लांगांवरून दिसत होत्या.

"आवं, गाडीला भोक पाडताय का काय?" वैनी म्हणाल्या. स्नेहल खिदळली आणि ओठांवर पदर धरला. नात संपूर्ण रस्ता झोपली होती. रहिमतपूर ओलांडलं तेव्हा आण्णांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि थोडे शांत झाले.

कोरेगावला मोठं स्वागत झालं. आजीनं स्वतः गाडी चालवत नात आणली, हे बघायला गल्ली जमली. स्नेहलच्या सासूबाई वैनींचा हात धरून म्हणाल्या, "मला बी शिकवा की." जेवणं झाली, पुन्हा चहा झाला, पुन्हा आग्रह झाला आणि निघायला साडेचार वाजले.

पुसेसावळीच्या अलीकडे ऊन पिवळं पडू लागलं तशी आण्णांची चुळबुळ सुरू झाली. ते एकदा घड्याळ बघत, एकदा पश्चिम बघत. "अगं, जरा दाब की. दिवस चाललाय."

वैनींनी काटा पंचावन्नवरच ठेवला.

"ऐकतीस का? घर अजून दीड तास हाय. मला उपास पडंल. साखरेचं औषध घेतलंय मी, चक्कर येती."

ही अडचण खरी होती. साखरेचा माणूस, उपाशी राहणं धोक्याचं, आणि बावीस वर्षांचा नेम मोडायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी वळून माझ्याकडे मदतीला पाहिलं. "मास्तर, तुमी तरी सांगा हिला." मी खिडकीबाहेर पाहू लागलो. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. वैनी आता गाडी पळवतात की आण्णा हट्टानं स्टीअरिंग मागतात, या दोन्हींपैकी काय होईल ते कळत नव्हतं.

वैनींनी आरशात पाहिलं. डावीकडचा दिवा लावला. वेग कमी करत करत गाडी रस्ता सोडून एका मोठ्या लिंबाखाली सावलीत थांबवली, हँडब्रेक ओढला आणि उतरल्या. डिकी उघडल्याचा आवाज आला. आण्णा आणि मी एकमेकांकडे बघत बसलो.

झाडाखाली सतरंजी आली. त्यावर डबा आला. ज्वारीच्या भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि बाटलीत ताक. "उतरा," वैनी म्हणाल्या. "दिवस बुडायला अजून पाऊण तास हाय. निवांत जेवा."

आण्णा उतरले. सतरंजीच्या कडेला उभे राहून त्यांनी सूर्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि हात तसाच थांबला.

"सुमे, बावीस वर्सं हे तुला सुचलं न्हाई व्हय गं?"

"सुचलं व्हतं की. लगीन झालं तवापासनं डबा देतीया. गाडी घेतल्यापास्नं तुमी थांबत कुटं व्हता?"

आण्णा हसायला लागले. आधी बारीक, मग पोट धरून. उसळ सांडली. त्यांच्या हसण्यात मीही सामील झालो, पण मला ते सहज जमेना. वैनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हत्या. सांगायचं ते मलाच होतं.

"आण्णा," मी म्हटलं, "तुम्ही शिकत होता तेव्हा गाडी तुमचं मन ओळखत नव्हती. ब्रेक मी दाबत होतो. पंधराच्या पंधरा दिवस."

आण्णा भाकरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, "समदं?"

"सगळं. तुम्ही फक्त हॉर्न वाजवत होता."

"आन् ह्ये तुमी मला आज सांगताय?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. बावीस वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते झाडाखाली ताकाच्या बाटलीसमोर बोलून झालं. आण्णांनी डोकं हलवलं, अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटलीत टाकली आणि म्हणाले, "खावा. तुमालाबी दिवस बुडायच्या आत जेवायला लावतो, हीच शिक्षा."

सूर्य मावळला तेव्हा आम्ही हात धुऊन गप्पा मारत बसलो होतो. आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा तो निवांत बसून बुडताना बघितला असेल. उठताना वैनींनी किल्ली त्यांच्यापुढे धरली. "आता तुमी चालवा. आता कसली घाई न्हाई."

आण्णा उजवीकडे बसले, वैनी शेजारी, मी मागे. गाडी निघाली. पन्नास. मी मागून काटा बघत होतो. विट्याच्या अलीकडे, अंधार पडता पडता, पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या दिसल्या, मागे एकही लाल दिवा नसलेल्या. माझा उजवा पाय मॅटवर गच्च दाबला गेला. वैनींनी समोरचं हँडल धरलं.

गाडीचा वेग कमी झाला. एक गचका बसला, मग दुसरा, नवशिक्याचे असतात तसे. मग गाडी ट्रॉलीच्या मागे बरंच अंतर ठेवून सावकाश चालू लागली. हॉर्न वाजला नाही.

"मास्तर," आण्णा समोर बघतच म्हणाले, "ह्यो मी दाबला."

मी पायातल्या चपला काढल्या आणि मागच्या सीटवर, पट्टा लावलेला होताच, छान ऐसपैस मांडी घातली.